टोक नसलेला चाकू

धरणाचं पाणी उन्हाळ्याच्या तोंडाला मागं सरलं, की येडगावच्या काठाला कोवळी हिरवळ फुटते. मेंढरांना तिची चटक लागलेली असते. नंदा त्यांना सकाळीच तिकडं नेई आणि एखाद्या बाभळीखाली उभी राहून नजर ठेवी. सासऱ्याच्या, यमाजीच्या तरुणपणी ह्या घरचा कळप कोकणापर्यंत जायचा. आता घरचं कांद्याचं रान होतं, नवरा दादाभाऊ पिकअप चालवून टोमॅटो नारायणगावच्या मार्केटला न्यायचा, आणि मेंढरं राहिली होती ती थोडीच. तीही विकून टाका असं सगळे म्हणत. नंदा ऐकत नव्हती. तिला मेंढरांमागं चालायला आवडायचं, एवढं साधं कारण होतं.

त्या दिवशी काळतोंडी मेंढी पाण्याच्या कडेला गेली आणि कुणीतरी टाकून दिलेल्या मासेमारीच्या जाळ्यात अडकली. आधी पाय गुंतला. पाय सोडवायला तिनं उडी मारली आणि जाळं मानेत गेलं. जेवढी ती झटके देई, तेवढी तंगूसाची दोरी आवळत जाई. नंदा धावत गेली, मेंढीवर गुडघा टेकून बसली आणि कमरेच्या चंचीतून चाकू काढला. घडीचा चाकू होता, बाजारात मिळतो तसला. पातं गंजून मुठीत बसलेलं. हात चिखलानं बरबटलेले. नखानं ओढलं तर नख मोडलं, पातं जागचं हललं नाही. मेंढीचे डोळे पांढरे व्हायला लागले.

नंदानं चाकू फेकला, तोंड खाली घातलं आणि दातांनी जाळं तोडायला सुरुवात केली. एक धागा तुटला, दुसरा तुटला, तिसऱ्याला कट्‌कन आवाज आला. तो आवाज धाग्याचा नव्हता. पण मेंढी सुटली. उठली, अंग झाडलं आणि दोन पावलांवर जाऊन पुन्हा चरायला लागली, जणू काही झालंच नाही.

घरी आल्यावर सासूबाई, सारजाबाई, तिच्या तोंडाकडं बघतच राहिल्या.

“नंदे, दात कुठं गेला?”

“अर्धा हाय की अजून, आत्या.”

“चावलीस तरी काय?”

“जाळं.”

“आगं, घरात भाकरी व्हती की!” सारजाबाई म्हणाल्या, आणि मग दोघींनाही हसू आवरेना. नंदा तोंडावर हात धरून हसत होती, कारण अर्ध्या दाताला वारं झोंबत होतं.

रात्रीच्या जेवणाला तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “मला नवा चाकू पायजे. उघडायला लागणारच न्हाई असला. हात घातला की पातं तयार.”

“एवढंच ना?” दादाभाऊ म्हणाला आणि जेवता जेवताच डाव्या हातानं मोबाईल चाळायला लागला.

पार्सल आलं ते एवढं मोठं, की यमाजीला वाटलं स्प्रे पंपच मागवलाय. आत काळा कुळकुळीत चाकू होता, कोपरापासून मनगटापर्यंत पोचेल एवढा. पाठीवर करवतीचे दात. मुठीचं बूड फिरवून उघडलं तर आत आगकाड्या, मासे धरायचा गळ आणि बुडाच्या झाकणात बसवलेलं होकायंत्र.

“आजून फिरवून बघ,” यमाजी म्हणाला, “आत संडास बी निघंल.”

दादाभाऊला राग आला. “बाबा, लष्करातली मान्सं वापरत्यात असला.”

“मंग लष्करातच पाठव.”

नवऱ्याचं मन मोडू नये म्हणून नंदा तो चाकू कमरेला लावून निघाली. वाटेतच शेजारची साळुबाई भेटली. तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. “काय गं, बिबट्या माराया निघालीस?”

“न्हाई वं. बिबट्या आला तर चाकू त्यालाच देऊन मी पळणार हाय.”

पण दुपारपर्यंत तिचा जीव मेटाकुटीला आला. वाकलं की मूठ बरगडीत घुसे, बसलं की टोक मांडीला लागे. कोकराच्या पायातला काटा काढायला गेली, तर खोऱ्यानं डोळ्यातलं कुसळ काढण्याचा प्रकार झाला. संध्याकाळी तिनं तो चाकू गुमान सासूच्या हवाली केला. सारजाबाईंनी त्यानं नारळ फोडला आणि म्हणाल्या, बरा आहे. होकायंत्र तेवढं यमाजीनं काढून घेतलं. ते हातात धरून तो अंगणात उभा राही आणि शिवनेरी कुठल्या दिशेला आहे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. शिवनेरी समोर दिसतच होता.

मग नंदानं स्वयंपाकघरातली सुरी पुठ्ठ्यात गुंडाळून नेऊन पाहिली. सुरीनं पुठ्ठा फाडला, चंची फाडली आणि लुगड्याच्या निऱ्यांना भोक पाडलं. अंगाला लागली नाही, हे नशीब.

आता मात्र तिनं वेगळ्या रीतीनं विचार केला. चाकू कसा दिसतो ते सोडून दिलं आणि आपण दिवसभर कापतो काय, ते बघायला लागली. कडब्याच्या पेंढीचा बंद, खताच्या गोणीची शिवण, वाढलेले खूर, ठिबकच्या नळीचं टोक, मधेच भूक लागली तर पेरू. ह्यातल्या कशालाच बोटापेक्षा लांब पातं लागत नव्हतं. आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. टोक तिला कधी लागतच नव्हतं. उलट त्या दिवशी चाकू उघडला असता, तर झटके देणाऱ्या मेंढीच्या मानेत, जाळं आणि कातडं ह्यांच्या मधे टोकदार पातं घालताना तिचाच हात कापला असता. किंवा मेंढीचा गळा.

तिनं बाभळीचा एक वाळका तुकडा घेतला आणि विळ्यानं तासून लाकडाचा चाकू केला. चार बोटं मूठ, तेवढंच पातं, पुढून गोल. तो कमरेला खोचून ती वावरायला लागली.

“पोराचा खेळ मांडलास व्हय?” सारजाबाईंनी विचारलं.

“कुठं टोचतोय ते बघती, आत्या. लोखंडाचा झाल्यावर बघून काय उपेग?”

पोटापाशी लावला तर दूध काढायला बसताना टोचे. गळ्यात दोरीनं अडकवला तर वाकल्यावर घंटीसारखा हले. बाजूला लावला तर डोक्यावरची पाटी उतरवताना कोपर लागे. शेवटी पाठीमागं, कण्याच्या जरा डाव्या अंगाला आडवा बांधला, तेव्हा तो तिथं आहे हेच ती विसरली. त्याच तंद्रीत ती लाकडी चाकू घेऊन दाताच्या डॉक्टरकडंही जाऊन आली. खुर्चीत मागं रेलल्यावर तिला त्याची आठवण झाली. डॉक्टरनं झोंबणं थांबवलं, पण दात अर्धाच राहिला आणि हसताना तोंडावर हात धरायची सवयही राहिली.

नारायणगावच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला घिसाड्यांची पालं पडली होती. दादाभाऊनं पिकअपच्या स्प्रिंगच्या मोडलेल्या पाट्याचा तुकडा घेतला, ते पोलाद चांगलं असतं म्हणून, आणि दोघं तिथं गेले. पालासमोर एक बाई घण घालत होती. तिचा नवरा, सावळेराम, भाता फिरवत होता आणि सांडशीनं लोखंड धरत होता. बाईचं नाव भागू. तिनं घण खाली ठेवला, कपाळ पुसलं आणि लाकडी चाकू हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

“ह्याचं टोक मोडलं काय?”

“न्हाई. तसंच पायजे. गोल.”

“बाय, टोक न्हाई तर त्यो चाकू कसला? बैलाला शेपूट न्हाई म्हनल्यावानी झालं.”

“बैल शेपटानं वढतो व्हय?” नंदा म्हणाली.

भागू खो खो हसली. सावळेरामनं भात्यावरचा हात थांबवला, कारण बायको अशी गिऱ्हाइकाबरोबर हसताना त्यानं बऱ्याच दिवसांत पाहिली नसावी. मग नंदानं रस्त्याकडेला बसून सगळं करून दाखवलं. दादाभाऊच्या मनगटाला सुतळी करकचून बांधली, तो हात मेंढीसारखा हलवायला लावला आणि सुतळीखालून लाकडी पातं सरकवलं. “आता हितं टोक आसतं तर?”

“तर मी आत्ता दवाखान्यात आसतो,” दादाभाऊ म्हणाला.

“पटलं,” भागू म्हणाली. “पर मूठ बारीक केलीस तू. वल्या हातात फिरंल. जाड घे, आन्‌ मधी जरा पोट ठेव.” तिनं नंदाचा हात मागितला. नंदानं डावा हात पुढं केला. भागूनं तिच्याकडं बघितलं.

“डावरी?”

“हं. ल्हानपणापासनं विळा तिरपाच चालतो माझा. आई म्हनायची, तुला कापायचंच कळत न्हाई.”

“विळ्याला धार एका अंगानं आसती, उजव्या हाताची. तुझा काय दोष त्यात?” भागू म्हणाली. “तुझी धार मी दुसऱ्या अंगानं काढते.”

इतकी वर्षं गवत कापताना, भाजी चिरताना, बांधावर सगळ्या बायांच्या मागं राहताना नंदाला वाटत आलं होतं की आपलाच हात वाकडा आहे. ती आपल्या डाव्या तळव्याकडं पाहत राहिली. तोवर भागूनं घण उचलला होता.

पाट्याचा तुकडा लाल झाला, मग पिवळसर. भागूच्या घणाखाली तो पसरत, वळत गेला. सावळेराम तो फिरवत होता आणि दोघं एक शब्द न बोलता काम करत होती. शेवटी धारेला पाणी दिलं तेव्हा चर्रर्र आवाज झाला आणि वाफेचा लोट उठला. शिसवीची मूठ बसवून झाल्यावर भागूनं चाकू नंदाच्या डाव्या हातात ठेवला आणि एक जाड दोर पुढं धरला. नंदानं ओढलं. दोर सरळ कापला गेला. तिनं आणखी एक तुकडा कापला, मग आणखी एक.

“आगं, दोर ठेव जरा माझ्यासाठी,” भागू म्हणाली.

आता म्यान राहिलं. मोबाईलवरच्या चाकूची नामुष्की दादाभाऊच्या मनातून गेली नव्हती, म्हणून ते काम त्यानं आपल्याकडं घेतलं. शेतातल्या पाइपलाइनचा उरलेला तुकडा चुलीवर शेकून मऊ केला, चाकूभोवती दोन फळ्यांत दाबून धरला आणि थंड होऊ दिला. पहिल्यांदा म्यान इतकं घट्ट बसलं, की चाकू काढायला दोघांना ओढावं लागलं. दुसऱ्यांदा इतकं सैल, की नंदा वाकली की चाकू खाली. तिसऱ्यांदा खट्‌ असा आवाज करून चाकू आत बसला. नंदानं उलटं धरून हलवलं, तरी पडला नाही. अंगठ्यानं जरा रेटलं की मात्र सुटत होता.

“हे ऑनलाइन मिळत न्हाई,” दादाभाऊ म्हणाला, आणि दिवसभर खुशीत होता.

चैत्रात सारजाबाईंच्या माहेरची यात्रा असते. त्यांचं माहेर आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पुढं. यात्रा म्हटली की घाट आलाच, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीचा चढ. सगळं घर पिकअपमध्ये बसून गेलं. देवाला नैवेद्य दाखवून झाल्यावर बायका घाटाच्या कडेला टेकाडावर जाऊन बसल्या. लाऊडस्पीकरवरचा निवेदक घसा फोडून ओरडत होता, “झाली, झाली, झाली! भिर्रर्र!” गाडा वर पोहोचला की गुलाल उडे आणि पुढच्या गाड्याचं नाव पुकारलं जाई.

नंदा खालच्या टोकाला, जिथं बैल जुंपतात त्याच्या वरच्या बाजूला बसली होती. गोकुळ नावाच्या एका गाडामालकाचा गाडा जुंपायला घेतला होता. त्याचा पांढराशुभ्र बैल होता, पाखऱ्या. जुवाखाली मान देऊन झाली, मानेखालचा पट्टा, ज्याला जोतं म्हणतात, तो आवळून झाला, आणि तेवढ्यात कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. पाखऱ्या बिथरला. त्यानं आडवी उडी घेतली, पाय गाड्याच्या दांडीत अडकला आणि तो धाडकन उजव्या कुशीवर पडला. जू पिळलं गेलं. जोतं त्याच्या गळ्यात आवळलं. जोडीचा बैल भेदरून ओढायला लागला, तसा पट्टा आणखीच रुतला.

“सोडा! जोतं सोडा!” गोकुळ ओरडत होता. चार माणसांनी जोडीच्या बैलाला धरलं, दोघं जू उचलायला बघत होते. गाठ दगडासारखी घट्ट झाली होती. पाखऱ्याची जीभ बाहेर आली.

“चाकू! आरं, चाकू हाय का कुनाकडं?”

एवढी हजारो माणसं, पण ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या खिशाकडं पाहिलं. एक जण धावत रसवंतीवरचा कोयता घेऊन आला. हातभर कोयता. गोकुळनं तो घेतला, बैलाच्या गळ्यापर्यंत नेला आणि तिथंच थांबला. पट्टा कातड्यात रुतलेला, कोयता घालायचा कुठं?

नंदा टेकाडावरून कधी उठली आणि कधी खाली आली ते सारजाबाईंनाही कळलं नाही. गर्दीतून कुणीतरी “ए बाई, मागं व्हा!” म्हणालं. ती मागं झाली नाही.

“दादा, त्यो कोयता बाजूला घ्या. मला मानंपाशी जागा द्या.”

जागा होती ती एवढीशी, शिंगं आणि गाड्याची दांडी ह्यांच्या मधली, आणि तिथं डावाच हात जात होता. तिनं एक गुडघा बैलाच्या खांद्याला टेकला, पाठीमागं हात नेला, खट्‌ आवाज आला. बैल झटके देत होता. एका झटक्यात तिचा खांदा दांडीवर आपटला, पण तिनं हात मागं घेतला नाही. पात्याचं गोल तोंड तिनं कातड्यावर आडवं टेकवलं आणि पट्ट्याखाली बोटाबोटानं सरकवत नेलं. मग धार वर केली आणि ओढली. पट्टा जाड होता, एका ओढीत सुटेना. तिनं दुसऱ्यांदा ओढली. तिसऱ्या ओढीला फाट्‌कन आवाज झाला आणि जू एका अंगाला कलंडलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग पाखऱ्यानं मोठा श्वास घेतला, असा की नंदाच्या पदराला वारा लागला. तो धडपडत उठला, चारी पायांवर उभा राहिला आणि त्यानं मान हलवली. मानेवर ओरखडाही नव्हता. गोकुळनं त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि एवढा मोठा मिशीवाला गडी हमसून हमसून रडला.

लाऊडस्पीकरवर निवेदकाला काय करावं सुचेना. “मंडळी, एका वाघिणीनं... ताई, नाव-गाव काय तुमचं? काय म्हनलं? चंदा! चंदाताई येडगावकर!”

“नंदा!” टेकाडावरून सारजाबाई ओरडल्या. “आमची नंदा हाय ती! नीट म्हना!”

“इंदाताई!” निवेदक म्हणाला. शेवटपर्यंत त्याला ते नाव जमलं नाही. संध्याकाळी यात्रा कमिटीनं तिला शाल आणि श्रीफळ दिलं, तेही कुणा इंद्रायणीच्या नावानं. नंदानं घेतलं. तिचा खांदा सुजला होता, हे तिला शाल घेताना समजलं. दादाभाऊनं तिच्या हातातला नारळ आपल्याकडं घेतला, जवळ सरकून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “म्यान बरूबर सुटलं ना?”

“लई बरूबर,” ती म्हणाली.

काही दिवसांनी सकाळीच दारात टेम्पो थांबला. गोकुळ उतरला आणि त्यानं मागची फळी पाडली. पाखऱ्या ऐटीत खाली आला. शिंगांना गोंडे, पाठीवर झूल.

“ताई, म्हनलं बैल दाखवून यावं. डॉक्टरनं कवाच फिट दिलाय.” मग जरा लाजत म्हणाला, “त्यो चाकू बघाया मिळंल का?”

नंदानं चाकू काढून त्याच्या तळव्यावर ठेवला. गोकुळनं तो पाहिला, पालथा केला, पुन्हा पाहिला. “एवढासाच? आन्‌ ह्याला टोक न्हाई?”

“टोक मोडलंय, पावणं,” यमाजी गंभीरपणे म्हणाला. “बैलाचं कातडंच लई टणक.”

गोकुळला ते क्षणभर खरं वाटलं. मग सगळे हसले, आणि चहा ठेवायला नंदा आत गेली. ह्या हसण्याच्या नादात बैलाचा कासरा कुणाच्याच हातात नव्हता. चुलीपाशी बसलेल्या नंदाला एकदम सासूचा आवाज ऐकू आला, “आगं बया, माझी मेथी!”

ती दारात आली. परसात सारजाबाई खराटा घेऊन पाखऱ्याला हाकत होत्या, पाखऱ्या झूल मिरवत दुसऱ्या वाफ्यात शिरला होता, आणि गोकुळ “आरं ए राजा, ए बाबा” करत त्याच्या मागं धावत होता. यमाजी होकायंत्र हातात धरून बैल कुठल्या दिशेला निघालाय ते सांगत होता. नंदा चौकटीला टेकून हसायला लागली. तोंडावर हात धरायचं ती विसरूनच गेली.